निवडणुकीची पत्रके: वाचून झाल्यावर त्या कागदाचे काय करावे

नागपुरात १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी, २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी आणि १५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकेसाठी मतदान झाले. म्हणजे दोन वर्षांच्या आत तीन वेळा घराच्या फाटकात, सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडीत आणि दारात उभ्या असलेल्या स्कूटरच्या हँडलला पत्रके येऊन अडकली. महापालिकेच्या वेळी तर बहुतेक प्रभागांतून चार-चार नगरसेवक निवडायचे होते. त्यामुळे पक्षाचे एकत्रित पत्रक, त्याच पक्षाच्या चारही उमेदवारांची वेगवेगळी परिचयपत्रके, माजी नगरसेवकांचे कार्यअहवाल आणि अपक्षांची हँडबिले असा सगळा कागद एकाच पंधरवड्यात घरात आला. मानेवाड्यातील आमच्या घरी जमलेला हा कागद मी निकालानंतर तोलून पाहिला, तेव्हा तो तीन किलोला थोडाच कमी भरला.

हा कागद आपण मागितलेला नसतो, परंतु तो पुष्कळदा चांगल्या प्रतीचा असतो आणि चार दिवसांत कचरागाडीत जावा असा तर मुळीच नसतो. त्याचे उपयोग पुष्कळ आहेत. मात्र प्रत्येक उपयोगाला कागदाची एक विशिष्ट जात लागते. ती न ओळखता सगळी पत्रके एकाच कामाला लावली, तर काम फसते आणि कागदही वाया जातो. म्हणून या लेखात आधी कागदाची निवड आणि मग उपयोग, असा क्रम ठेवला आहे.

आधी वाचावे आणि एक प्रत ठेवावी

कोणतेही पत्रक कापण्यापूर्वी पूर्ण वाचावे आणि प्रत्येक उमेदवाराच्या जाहीरनाम्याची अथवा वचननाम्याची एक प्रत साध्या फाइलमध्ये लावून ठेवावी. मागच्या बाजूला ते कोणत्या तारखेला मिळाले, एवढे पेन्सिलीने लिहावे. आपल्या गल्लीतील गडरलाइन, पावसाळी नाली, पाण्याची वेळ, उद्यानातील दिवे यांविषयी कोणी काय लिहून दिले होते, हे सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. छापील कागद हाताशी असला, तर नगरसेवकाला भेटायला जाताना बोलणे नेमके होते.

याच वेळी पत्रकाच्या तळाशी असलेली बारीक ओळ पाहावी. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२७-क नुसार लोकसभा आणि विधानसभेच्या प्रचारपत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता छापणे बंधनकारक आहे. त्याचे उल्लंघन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केवळ सभेची तारीख, वेळ आणि जागा कळवणाऱ्या हँडबिलाला हा नियम लागू नाही. एखाद्या प्रचारपत्रकावर ही ओळ नसेल आणि त्यातील मजकूर कोणाची बदनामी करणारा असेल, तर ते पत्रक कापू नये, जसेच्या तसे निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावे.

मतदारचिठ्ठ्या वेगळ्या काढाव्यात. त्यांवर आपले नाव, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असतो, काहींवर ओळखपत्राचा क्रमांकही असतो. मतदान होईपर्यंत त्या लागतात. नंतर त्या रद्दीत अख्ख्या टाकू नयेत. बारीक फाडून पुढे सांगितलेल्या लगद्यात घालाव्यात.

कागदाची जात ओळखणे

यासाठी पाण्याचा एक थेंब आणि अंगठ्याचे नख पुरते. पत्रकाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. तो काही क्षणांत पसरून जिरला, तर कागद साधा आहे, म्हणजे न्यूजप्रिंट किंवा मॅपलिथो. थेंब तसाच टपोरा उभा राहिला आणि ओल्या जागी नख घासल्यावर पांढरी पिठासारखी साय निघाली, तर तो आर्ट पेपर समजावा. त्याच्यावर चिनी माती किंवा खडूसारख्या खनिजाचा थर दिलेला असतो आणि चकाकी त्याचीच असते. कागद फाडताना कडेला पातळ पारदर्शक पापुद्रा ताणला जाऊन लोंबू लागला, तर त्यावर प्लॅस्टिकचे लॅमिनेशन आहे. खिशात ठेवायची कॅलेंडरे आणि उमेदवाराच्या फोटोची जाड कार्डे बहुधा या तिसऱ्या प्रकारची असतात.

या तीन ढिगांशिवाय चौथा एक छोटा ढीग करावा. एकाच बाजूने छापलेली, मागून कोरी असलेली पत्रके त्यात ठेवावीत. मराठीत पाठकोरा हा शब्द ज्या कागदासाठी आहे, तो हाच, आणि सगळ्या गठ्ठ्यात मोलाचा कागदही हाच. अपक्ष उमेदवारांची पत्रके खर्च वाचवण्यासाठी अनेकदा एकाच बाजूने छापलेली असतात, त्यामुळे त्यांचा ढीग आधी चाळावा.

पाठकोऱ्या कागदांची वही

पाठकोरे कागद नुसते क्लिपमध्ये अडकवून यादी लिहायला वापरता येतात, आणि बहुतेक घरांत तसे होतेही. परंतु त्यांची नीट वही बांधली, तर ती वर्षभर टिकते आणि छापील बाजू डोळ्यांसमोर येत नाही. आमच्या घरी दुधाचा आणि गॅसच्या सिलिंडरचा हिशेब अशाच वहीत असतो.

त्यासाठी ए-४ आकाराची चाळीस पत्रके घ्यावीत. प्रत्येक पत्रक मधोमध असे दुमडावे की छापील बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर राहील. आता नेहमीच्या वहीच्या उलट काम करायचे आहे: दुमडलेली कड वहीच्या उघडणाऱ्या बाजूला ठेवायची आणि मोकळ्या दोन कडा शिवणीत घ्यायच्या. चीन आणि जपानमधील जुनी पुस्तके याच रीतीने बांधलेली असतात, कारण तेथेही पातळ कागद एकाच बाजूने छापत असत. अशा चाळीस पत्रकांतून लिहायला ऐंशी कोरी पाने मिळतात.

दुमडलेले कागद टेबलावर ठोकून कडा एकसारख्या कराव्यात, दोन्ही टोकांना कपड्यांचे चिमटे लावावेत आणि शिवणीच्या कडेपासून एक सेंटिमीटर आत पट्टीने रेघ ओढावी. वहीची उंची एकवीस सेंटिमीटर असते. त्या रेघेवर वरून दीड, सहा, साडेदहा, पंधरा आणि साडेएकोणीस सेंटिमीटरवर खुणा केल्या, की पाच छिद्रे सारख्या अंतरावर येतात. खाली लाकडी पाट ठेवून दाभणाने छिद्रे पाडावीत. दाभण सरळ उभे धरावे आणि फिरवत दाबावे. तिरके गेले तर मागच्या बाजूची छिद्रे वाकडी येतात आणि दोरा कागद कापतो. उंचीच्या पाचपट जाड सुती दोरा घेऊन मधल्या छिद्रातून सुरुवात करावी, वर-खाली असे टाके घालत एका टोकाला जावे, तेथून परत येत मोकळ्या जागा भराव्यात, दुसऱ्या टोकालाही तसेच करावे आणि मधल्या छिद्रापाशी येऊन गाठ मारावी.

पुठ्ठा विकत आणण्याची गरज नाही. दोन्ही बाजूंनी छापलेल्या आर्ट पेपरची आठ-दहा पत्रके एकावर एक खळीने चिकटवून जड पाट्याखाली दोन रात्री ठेवली, की वहीला पुरेसा कडक पुठ्ठा तयार होतो. खळ करताना दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या राहणार नाहीत असा कालवावा, कपभर उकळत्या पाण्यात ओतावा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावा. पुस्तकबांधणीचे कारागीर कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, परंतु मोरचूद विषारी असल्यामुळे घरात लहान मुले असतील तर तो टाळावा आणि खळ त्या दिवसापुरतीच करावी. खळीचा हात पातळ असावा. जाड लावल्यास पुठ्ठा वाळताना पन्हळीसारखा वळतो. लॅमिनेशन केलेला कागद या कामात घेऊ नये, खळ त्याला धरत नाही.

चकचकीत पत्रके आणि त्यांवरील प्रतिमा

आर्ट पेपरची मोठी, न दुमडलेली पत्रके आणि भिंतीवरची कॅलेंडरे कपाटाच्या खणांत आणि स्वयंपाकघरातील मांडणीवर घालायला उत्तम असतात. ओल्या फडक्याने हलकेच पुसली तरी ती लगेच फाटत नाहीत. छापील बाजू खाली ठेवावी आणि भांडी ठेवण्याच्या फळीवर मध्ये एक कोरा कागद घालावा. मुलांच्या वह्यापुस्तकांना कव्हर घालायलाही कॅलेंडरचा कागद चांगला, फक्त तेथे कोरी बाजू बाहेर यावी. शाळेत किंवा शिकवणीला जाणाऱ्या मुलाच्या पुस्तकावर पक्षाचे चिन्ह मिरवणे योग्य नाही.

येथे एक काळजी घ्यावीच लागते. या पत्रकांच्या माथ्यावर छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, संत गाडगेबाबा, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांच्या प्रतिमा असतात, काहींवर देवदेवतांची चित्रेही असतात. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, तेथे बाबासाहेबांची प्रतिमा असलेला कागद पायपुसण्याखाली किंवा चपलांच्या मांडणीत घातला जाणे कोणालाही सहन होणार नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून काहीही करण्यापूर्वी कात्रीने ही वरची पट्टी कापून घ्यावी. त्यांतील चांगल्या प्रतिमा मुलांना वहीत चिकटवायला, जयंतीच्या दिवशी शाळेचा फलक सजवायला उपयोगी पडतात. उरलेल्या प्रती लगद्यासाठी पाण्यात घालाव्यात, म्हणजे त्या पाण्यात विरघळून जातात आणि कोणाच्या पायाखाली येत नाहीत. या कामाला वेळ लागतो, परंतु ते टाळू नये असे मला मनापासून वाटते.

लगद्याची टोपली

माझी आई उन्हाळ्यात कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायची. जुने सूप आणि बांबूची टोपली यांच्या फटी बुजवायलाही हाच लगदा ती लिंपायची. साध्या कागदाच्या पत्रकांचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

एक किलो साधा कागद घ्यावा. रुपयाच्या नाण्याएवढे तुकडे करून ते बादलीत पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात चार दिवस भिजवावेत आणि पाणी रोज बदलावे, विशेषतः उन्हाळ्यात, कारण आपल्याकडच्या उष्णतेत दुसऱ्याच दिवशी आंबूस वास सुटतो. चौथ्या दिवशी कागद पिळून खलबत्त्यात किंवा उखळात कुटावा. कुटणे पुरे झाले की नाही, हे चिमूटभर लगदा पाण्याच्या पेल्यात ढवळून पाहावे. अक्षराचा एकही तुकडा न दिसता धागे ढगासारखे तरंगले, म्हणजे झाले. स्वयंपाकाचा मिक्सर या कामाला वापरू नये. रात्रभर भिजवून वाटलेल्या दीड मूठ मेथ्या आणि पाव किलो मुलतानी माती लगद्यात घालून कणकेसारखे मळावे. मेथ्यांमुळे लगद्याला चिकटपणा येतो, तर मातीमुळे तो वाळल्यावर फारसा आक्रसत नाही.

घमेले किंवा मोठे पातेले पालथे घालून त्यावर ओले सुती फडके पसरावे आणि लगदा तळापासून कडेकडे, बोटभर जाडीने थापत यावे. ओल्या तळव्याने दाबत गेल्यास जोड राहत नाहीत. थापलेली टोपली पहिले दोन दिवस सावलीतच ठेवावी. मी एकदा मे महिन्यात ती थेट गच्चीवर ठेवली. बाहेरचा थर तासाभरात वाळला, आतला ओलाच राहिला आणि संध्याकाळपर्यंत तळापासून काठापर्यंत दोन बोटे रुंद भेग गेली. सावलीत वाळून ती भांड्यापासून सुटू लागली, की उचलून मग एक दिवस कोवळे ऊन द्यावे आणि आतून-बाहेरून मेथी-मातीचा पातळ हात फिरवून पुन्हा वाळवावे.

चकचकीत कागद या लगद्यात एक चतुर्थांशाहून अधिक घालू नये. त्याच्यावरचा खनिजाचा थर सुटून पाण्यात राखाडी गाळ होतो, धागे कमी पडतात आणि टोपलीची कड हातात तुटून येते. प्रतिमांच्या पट्ट्या तेवढ्या प्रमाणात सहज सामावतात. तयार टोपली कांदे, लसूण, लोकरीचे गुंडे, कपड्यांचे चिमटे ठेवण्यासाठी वापरावी. छपाईची शाई लगद्यात राहिलेली असते, म्हणून तिच्यात पीठ, पोळ्या किंवा भाकरी ठेवू नये.

याच कारणाने पत्रकावर खाद्यपदार्थ घेणेही टाळावे. तर्रीपोहे, समोसे, भजी यांचे गरम तेल शाई सहज ओढून घेते. अन्नपदार्थ बांधायला किंवा त्यांचे तेल टिपायला छापील वर्तमानपत्र वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी मनाई केली आहे, आणि पत्रकावर तर वर्तमानपत्राहून अधिक शाई असते.

बागेसाठी थोडेसे

काळ्या शाईत छापलेला साधा कागद पट्ट्या करून घरच्या खतात घालता येतो. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र जास्त असते, कागदात कर्ब असतो. संत्र्याच्या हंगामात सालींनी डबा चिकट होऊन वास येऊ लागतो, तेव्हा मूठभर कागद आणि दोन मुठी वाळला पाला मिसळला की तो मोकळा होतो. सगळा सुका भाग कागदाचाच करू नये, त्याचे गोळे बनतात. रंगीत चकचकीत आणि लॅमिनेशनचा कागद खतात अजिबात घालू नये.

पाठकोऱ्या पत्रकांच्या उरलेल्या तुकड्यांच्या पुड्या करून वाल, दोडका, झेंडू यांचे बी त्यांत ठेवता येते. नाव आणि बी धरल्याचा महिना बाहेरच्या कोऱ्या बाजूवर लिहावा.

फ्लेक्स

फ्लेक्स हा कागद नव्हे. पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसी चढवलेले ते कापड आहे. चौकातला फ्लेक्स स्वतः उतरवून घरी आणू नये, तो दुसऱ्याचा माल असतो. निकालानंतर उमेदवाराच्या कार्यालयात विचारले, तर कार्यकर्ते आनंदाने देतात, कारण त्यांनाही तो ठेवायला जागा नसते.

नागपूरच्या घरात त्याचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे कूलरचे आवरण. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, की कूलरची टाकी रिकामी करून कोरडी पुसावी, वाळ्याच्या ताट्या काढून उन्हात वाळवाव्यात आणि मग कूलरची लांबी, रुंदी व उंची मोजून फ्लेक्स कापावा. छापील बाजू आत घ्यावी. वरची बाजू आणि तीन अंगे झाकून खालची वीतभर जागा उघडी ठेवावी व मागची बाजू सैल सोडावी. सगळे गच्च बांधले तर आतली दमट हवा कोंडून पत्रा गंजतो, मग आवरण असून काही लाभ नाही. फ्लेक्सला सुई-दोऱ्याने शिवू नये, ओढ बसली की तो टाक्यांच्या ओळीत फाटतो. कड दोनदा दुमडून त्यात छिद्रांभोवती बसणाऱ्या धातूच्या कड्या (आयलेट) ठोकाव्यात आणि सुतळीने बांधावे. हेच आवरण गच्चीवरील सरपणाला, भाजीच्या हातगाडीला किंवा शेतात पोत्यांच्या थप्पीवर चालते. सतत ऊन लागल्याने फ्लेक्स कडक होऊन तडकू लागला आणि त्याचे पापुद्रे सुटू लागले, की वापर थांबवावा.

फ्लेक्स किंवा लॅमिनेशनचा कागद कधीही जाळू नये. थंडीत शेकोटीला नको आणि पाणी तापवायच्या बंबात तर नकोच. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखा तीव्र वायू बाहेर पडतो आणि डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच मनाई केली असून साध्या प्रकारात पाच हजार रुपयांचा दंड ठरवला आहे. तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीत नेल्या जाणाऱ्या बडग्या या पुतळ्यासाठी मुले जुना कागद मागायला येतात, त्यांनाही साधा कागदच द्यावा, कारण मिरवणुकीनंतर बडग्या जाळला जातो.

उरलेले कबाडीवाल्याकडे

इतके करूनही गठ्ठ्यातील बराचसा कागद उरतोच, आणि तो वेळेवर रद्दीत गेलेला बरा. साधा आणि चकचकीत कागद वेगवेगळे बांधावेत. खनिजाच्या थराचे वजन भरते, परंतु त्यातून धागा कमी निघतो, म्हणून एकत्र केलेल्या गठ्ठ्याला कबाडीवाला सगळ्याचाच कमी भाव लावतो. ए-४ आकाराचे १३० ग्रॅमच्या आर्ट पेपरचे एक पत्रक सुमारे आठ ग्रॅम भरते, त्यामुळे सव्वाशे पत्रकांचा एक किलो होतो, हा हिशेब तराजूपुढे उभे असताना कामी येतो. गठ्ठा कोरडा असावा आणि त्यातून स्टेपलच्या पिना काढलेल्या असाव्यात. लॅमिनेशनची कार्डे तो घेत नाही. ती महापालिकेच्या कचरागाडीत सुक्या कचऱ्याच्या बाजूला द्यावीत, म्हणजे निदान ओल्या कचऱ्यात मिसळून भांडेवाडी कचराडेपोच्या ढिगाऱ्यावर जात नाहीत. गठ्ठे सुतळीने बांधण्यापूर्वी एकदा हाताने चाळून पाहावेत, कारण एखादी मतदारचिठ्ठी पत्रकाच्या घडीत राहून गेलेली असते.